मे महिन्यात लेक एरीच्या काठावर पक्षी बघायला जायचंय? मग हे वाचून जा

मे जवळ आला की आमच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न येतोच, भारतातून आई-बाबा आलेत, नायगारा बघून झाला, शिकागो झालं, आता यांना कुठे न्यायचं? माझं उत्तर ठरलेलं असतं. ओहायोत लेक एरीच्या काठावर जा, मॅगी मार्शला, आणि मे महिन्यातच जा. तिथे दरवर्षी मे मध्ये दहा दिवसांचा पक्ष्यांचा फेस्टिव्हल असतो, नाव आहे 'द बिगेस्ट वीक इन अमेरिकन बर्डिंग', २०१० पासून चालू आहे आणि तिथलीच ब्लॅक स्वॅम्प बर्ड ऑब्झर्वेटरी नावाची छोटी संस्था तो भरवते. मी डेट्रॉइटच्या बाजूला राहते, तिथून दीड तास, क्लीव्हलँडहूनही साधारण तेवढंच, कोलंबसहून अडीच तास, शिकागोहून साडेचार-पाच तास. म्हणजे मिडवेस्टमधल्या बहुतेक मराठी घरांना वीकेंडला जमण्यासारखं आहे, तरी आपली माणसं तिथे फार कमी दिसतात म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

पक्ष्यांमधलं काही कळत नसलं तरी चालतं, हे आधीच सांगते. माझ्या बाबांनी नाशिकला असताना नांदूर मध्यमेश्वर सोडलं तर कुठे दुर्बीण डोळ्याला लावली नव्हती, आणि त्यांनी पहिल्याच सकाळी पंधरा जातींचे वॉर्बलर (इथले छोटे, रंगीत पक्षी) बघितले, तेही बरेचसे नुसत्या डोळ्यांनी.

पक्षी इथेच का थांबतात

हे आधी समजून घ्या, कारण कधी जायचं आणि कुठे उभं राहायचं ते सगळं यावरच ठरतं. हिवाळा मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काढून हे पक्षी मे मध्ये उत्तरेकडे कॅनडाच्या जंगलात घरटी करायला निघतात. प्रवास रात्रीचा, सूर्य मावळला की अर्ध्या-पाऊण तासात उठतात ते पहाटेपर्यंत उडतात. वॉर्बलर म्हणजे दहा-बारा ग्रॅमचा जीव, आणि रात्रभर उडून आल्यावर समोर लेक एरीचं पाणी, पलीकडचा काठ नजरेत येत नाही. मग ते अलीकडेच उतरतात, खातात, एक-दोन दिवस दम घेतात आणि वारा बरा मिळाला की तलाव ओलांडतात.

आता उतरायचं कुठे? हा सगळा भाग पूर्वी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची प्रचंड दलदल होती, एकोणिसाव्या शतकात चर खणून आणि जमिनीखाली मातीचे पाइप घालून तिचं पाणी काढून टाकलं आणि मका-सोयाबीनची शेतं झाली. त्यामुळे काठाला लागून जी थोडीशी झाडी उरली तेवढीच या पक्ष्यांना जागा. मॅगी मार्शची झाडी अशीच, मागे पाणथळ, पुढे तलाव आणि मधे वाळूच्या उंचवट्यावर झाडांचा एक चिंचोळा पट्टा, आणि सगळे थकलेले पक्षी त्यात दाटीने उतरलेले. शिवाय मे मध्ये तलावातून मिज नावाचे बारीक किडे ढगच्या ढग बाहेर पडतात (चावत नाहीत, घाबरू नका), ते झाडांवर, रेलिंगवर, आपल्या टोपीवर बसतात आणि पक्षी ते टिपायला खाली येतात. म्हणून इथे पक्षी डोळ्यांच्या उंचीला दिसतात, कधीकधी तर गुडघ्याच्या. जंगलात मान मोडेपर्यंत वर बघत बसावं लागतं तो प्रकार इथे फार नाही.

आपल्याकडे ज्याला वटवट्या म्हणतात त्याच्याशी या वॉर्बलरचं जवळचं नातं नाही, कुळच वेगळं. आपले वटवटे बहुतेक हिरवट-मातकट, एकासारखा दुसरा, आणि इथले नर मे मध्ये नव्याकोऱ्या पिसाऱ्यात असतात. प्रोथोनोटरी वॉर्बलर अक्षरशः हळदीत बुडवून काढल्यासारखा.

तारीख कशी ठरवायची

फेस्टिव्हल साधारण मे च्या पहिल्या किंवा दुसऱ्या शुक्रवारी सुरू होतो, पुढे दहा दिवस. २०२५ ला ९ ते १८ मे होता. सुरुवातीच्या दिवसांत यलो-रम्प्ड, पाम, ब्लॅक-थ्रोटेड ग्रीन असे लवकर येणारे जास्त असतात, मधल्या दिवसांत सगळ्यात जास्त जाती एकदम मिळतात, आणि २० मे च्या पुढे माद्या, फ्लायकॅचर, कॅनडा वॉर्बलर, मोर्निंग वॉर्बलर असे उशिरा येणारे. पहिल्यांदा जात असाल तर १० ते १६ मे च्या मधले दोन दिवस धरा आणि शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार. मदर्स डे चा शनिवार-रविवार टाळा. आम्ही एकदा त्याच शनिवारी साडेअकराला पोचलो, पार्किंगला जागा मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि तोपर्यंत ऊन चढलेलं, पक्षी शेंड्याला.

पण तारखेपेक्षा वारा बघा, हे मी दहा वेळा सांगेन. रात्री दक्षिणेचा किंवा नैऋत्येचा उबदार वारा असेल तर पक्षी मोठ्या संख्येने निघतात. त्याच रात्री पहाटेच्या सुमाराला पाऊस आला किंवा वारा फिरून उत्तरेचा झाला तर पुढे जाता येत नाही आणि सगळे काठावर कोसळल्यासारखे उतरतात, इथले लोक याला फॉलआउट म्हणतात. उलट चार-पाच दिवस सारखा उत्तरेचा गार वारा असेल तर नवीन पक्षी येत नाहीत, आहेत तेच दिसत राहतात. हे घरबसल्या बघायला बर्डकास्ट नावाची वेबसाईट आहे, हवामानाच्या रडारवरून रात्री किती पक्षी हवेत आहेत ते नकाशावर दाखवते, पुढच्या तीन रात्रींचा अंदाजही देते. आम्ही एक दिवस सुट्टीचा मोकळा ठेवतो आणि बर्डकास्ट बघून आदल्या संध्याकाळी नक्की करतो.

बुकिंग, राहायचं, खायचं

फेस्टिव्हलची नोंदणी हिवाळ्यातच सुरू होते आणि गाईडबरोबरच्या ट्रिपा, विशेषतः बसच्या, पटापट भरतात. पण मॅगी मार्शचा बोर्डवॉक (झाडीतून जाणारी लाकडी वाट) सगळ्यांना खुला आहे, तिकीट नाही, फेस्टिव्हलची नोंदणी केलेली नसली तरी चालतं. आणि त्या दिवसांत तिथे फेस्टिव्हलचे गाईड आणि स्वयंसेवक फिरत असतात, ते कुणालाही पक्षी दाखवतात. म्हणून माझं मत असं की पहिल्या वर्षी महागड्या ट्रिपा घेऊ नका, बोर्डवॉकवर दोन सकाळी घालवा, एखादी कार्यशाळा किंवा संध्याकाळचं भाषण घ्या, बस. पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

फेस्टिव्हलचं मुख्य ठिकाण मॉमी बे स्टेट पार्कमधलं लॉज. ते लवकर भरतं आणि महागही पडतं. आम्ही ओरेगन नावाच्या गावात राहतो (हो, राज्य नाही, टोलीडोच्या शेजारचं गाव), तिथून मॅगी अर्धा-पाऊण तास. दुसऱ्या बाजूला पोर्ट क्लिंटन आहे, तेही चालतं. जानेवारी-फेब्रुवारीत बुक करा, कॅन्सल करता येईल असंच.

मॅगीला खायला काही मिळेल असं धरून चालू नका, डबा न्या. आम्ही थर्मासमध्ये चहा, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो आणि साडेनऊला गाडीच्या डिकीवर बसून खातो. मासे खात असाल तर संध्याकाळी पोर्ट क्लिंटनच्या बाजूला लेक एरीचा यलो पर्च किंवा वॉलाय खाऊन बघा, ताजा असतो, आणि सांगितलंत तर थोडा मसालाही वरून भुरभुरून देतात.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण माणशी एक. एका दुर्बिणीत चौघं असं केलंत की पक्षी फोकसमध्ये येईपर्यंत उडून जातो आणि मग भांडणं. ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) उत्तम, १० ची पॉवर इथे घेऊ नका कारण पक्षी जवळ असतात आणि हात हलतो. घेताना एकच गोष्ट तपासा, दोन मीटरवरचं नीट दिसतं का, स्वस्त दुर्बिणी जवळचं धूसर दाखवतात आणि इथे नेमकं जवळचंच बघायचं असतं. विकत घ्यायची नसेल तर थांबा, फेस्टिव्हलमध्ये दुर्बिणीच्या कंपन्या येतात आणि हातात घेऊन बघू देतात.

कपडे थंडीचे. मे आहे म्हणून कुणी हाफ स्लीव्हवर येतं आणि कुडकुडतं. तलावाचं पाणी अजून गार असतं, त्यावरून वारा आला की शहरात १८ डिग्री असताना काठावर ८ असते. विंडचीटर, कानटोपी, पातळ हातमोजे आणि दुपारी काढून ठेवता येतील असे थर. पॅण्ट लांब आणि पायमोजे वर ओढलेले कारण गवतात टिक्स म्हणजे गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो, रात्री खोलीवर गेल्यावर अंग तपासायचं, मुलांचं तर नक्की. पॉयझन आयव्हीपण ओळखून ठेवा, तीन पानांचा वेल, हात लावलात तर आठवडाभर खाज.

जायच्या आधीचा अभ्यास

सगळे ३५-३६ वॉर्बलर पाठ करायला जाऊ नका, डोक्यात खिचडी होईल. दहाच घ्या, आणि आपल्या पद्धतीने लक्षात ठेवा. अमेरिकन रेडस्टार्ट, काळा-केशरी, शेपटी सारखी पसरतो मिटतो, आपला नाचण करतो तशी. ब्लॅक-अँड-व्हाइट, अंगभर काळे-पांढरे पट्टे आणि खोडावर वर-खाली सरकत जातो, आवाज तेल न घातलेल्या झोपाळ्याच्या कडीसारखा कुई-कुई-कुई. यलो वॉर्बलर, सगळा पिवळा, छातीवर कुंकवाच्या बोटांसारख्या तांबूस रेघा, तो इथे राहायलाच असतो आणि बोर्डवॉकच्या कडेला घरटं बांधतो. कॉमन यलोथ्रोटच्या डोळ्यांवर काळा बुरखा. चेस्टनट-साइडेडच्या कुशीला विटकरी पट्टा. मॅग्नोलियाची छाती पिवळी, तिच्यावर काळ्या माळा, आणि खालून बघितलं तर शेपटी अर्धी पांढरी अर्धी काळी, ही खूण सोन्यासारखी आहे कारण बऱ्याचदा आपल्याला पक्ष्याचं बूडच दिसतं. ब्लॅकबर्नियनचा गळा पेटलेल्या निखाऱ्याचा. बाकी केप मे, बे-ब्रेस्टेड आणि प्रोथोनोटरी, झाले दहा.

फोनवर मर्लिन अॅप टाकून ठेवा, आवाज ऐकून नाव सुचवतं, फुकट आहे. पण त्याचं नाव आलं म्हणजे पक्षी दिसला असं नाही, त्या दिशेला बघा आणि स्वतः खात्री करा.

सकाळ बोर्डवॉकवर

साडेसहापर्यंत पार्किंगमध्ये असा. स्टेट रूट २ वरून आत वळलात की रस्ता पाण्यामधून जातो, दोन्ही बाजूला पांढरे बगळे, ग्रेट ब्लू हेरॉन (आपल्या राखी बगळ्याचाच मोठा भाऊ), वर गरुड. या बॉल्ड ईगलची गोष्ट बाबांना फार आवडली, १९७९ मध्ये अख्ख्या ओहायोत त्यांच्या फक्त चार जोड्या घरटी करत होत्या आणि २०२० च्या मोजणीत ७०७ घरटी निघाली. डीडीटीवर बंदी आणि जागा राखल्या म्हणून.

रस्ता संपतो तिथे बीचला लागून मोठं पार्किंग. बोर्डवॉकमध्ये शिरायच्या आधी या पार्किंगच्या कडेने एक चक्कर मारा, घाईत सगळे हे सोडतात. सकाळचं पहिलं ऊन कडेच्या झाडांवर पडतं, तिथे किडे आधी गरम होऊन हलायला लागतात आणि पक्षी तिथेच जमतात. इथेच पालापाचोळ्यात वुडकॉक बसलेला असतो, आपल्या पाणलाव्याच्या कुळातला. आई त्याच्यापासून चार हातांवर उभी होती आणि तिला दिसेचना. मी म्हटलं, पानं बघू नकोस, डोळा शोध. मग तिला एक गोल काळा डोळा दिसला, मग लांब चोच, मग वाळलेल्या पानांच्या रंगाची अख्खी पाठ, आणि ती कुजबुजली, "अगं, हा तर मघापासून माझ्याकडेच बघतोय." पंधरा मिनिटं तिथून हलली नाही.

बोर्डवॉक साधारण मैलभराचा, सपाट, व्हीलचेअर जाते, वळणावळणाने झाडीतून फिरतो. यात एकच चूक सगळे करतात, चालत सुटतात. अर्ध्या तासात एक फेरी मारून परत येतात आणि विचारतात, काय होतं एवढं? चालू नका. पन्नास पावलं गेलात की थांबा आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा. पक्षी झाडीतून फिरत फिरत पुढे सरकतात, तुम्ही थांबलात की ते तुमच्यासमोरून जातात. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल टिपायची, पान हललं की नजर तिथून न काढता दुर्बीण डोळ्यांवर आणायची, दुर्बिणीतून पक्षी शोधत बसायचं नाही. घरी अंगणातल्या चिमणीवर दोन दिवस सराव करा, फार फरक पडतो.

गर्दी दिसली की तिकडे जा आणि सरळ विचारा काय दिसतंय, कुणी तोंड वाकडं करत नाही, उलट हात धरून दाखवतात. लोक घड्याळाच्या काट्याने सांगतात, या झाडाला घड्याळ समजा, दोन वाजता, म्हणजे उजवीकडे वर. हे आई-बाबांना आधी समजावून ठेवा.

एका वर्षी ढगाळ सकाळ होती, बारीक पाऊस नुकताच थांबलेला. रेलिंगवर माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर एक ब्लॅकबर्नियन येऊन बसला. अँडीजच्या डोंगरातून आलेला, पिसं ओली होऊन डोक्यावर काट्यांसारखी उभी राहिलेली, आणि तो रेलिंगवरचे मिज एकेक टिपत होता. एक, दोन, तीन, मी सतरापर्यंत मोजले. माणसांकडे त्याचं लक्षच नव्हतं, भूक एवढी. शेजारचे आजोबा कॅमेरा खाली ठेवून नुसते बघत राहिले. चोचीच्या कोपऱ्यात किड्याचा एक पंख चिकटला होता तो त्याने लाकडावर घासून काढला आणि गेला. त्याला काही झालं असतं, कुणी पुढे हात केला असता, तर ते सतरा किडे मिळाले नसते, आणि त्याला रात्री तलाव ओलांडायचा होता.

म्हणून काही गोष्टी नक्की पाळा. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही, फ्लॅश नाही, लाकडी वाटेवरून खाली उतरायचं नाही, आणि घरट्यापाशी घोळका करायचा नाही. गर्दीत ट्रायपॉड नको, वाट अरुंद आहे. पुढची जागा मिळाली तर बघून झाल्यावर मागच्याला द्या, खासकरून लहान मुलांना आणि व्हीलचेअरवरच्या माणसांना.

एखाद वर्षी एकदम धावपळ उडते, कुणीतरी 'कर्टलँड्स' म्हणतं आणि सगळे बीचकडे निघतात. तुम्हीही निघा. कर्टलँड्स वॉर्बलर मिशिगनच्या जॅक पाइनच्या जंगलात घरटं करतो, १९७४ आणि १९८७ च्या मोजणीत गाणारे नर फक्त १६७ उरले होते, नंतर जंगल नीट सांभाळलं तेव्हा संख्या वाढली आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलं. ज्या नमुन्यावरून ही जात ओळखली गेली तो १८५१ मध्ये मिळाला, तोसुद्धा क्लीव्हलँडजवळ, म्हणजे याच तलावाच्या काठी. मला अजून दिसलेला नाही.

दुपारी काय

अकराच्या पुढे बोर्डवॉक शांत होतो. तेव्हा गाडीत बसून ओटावा नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजला जा, अगदी शेजारी, १९६१ पासूनचं आहे, प्रवेश फुकट. तिथे गाडीतून फिरायचा काही मैलांचा कच्चा रस्ता आहे, गाडी हीच लपणजागा, ट्रम्पेटर हंस, बदकं, कासवं आरामात दिसतात. जायच्या आधी रस्ता त्या दिवशी खुला आहे ना ते वेबसाईटवर बघून घ्या. हॉवर्ड मार्श पण जवळच, सोयाबीनच्या शेतांची परत पाणथळ केली आणि २०१८ मध्ये लोकांसाठी उघडली, किनाऱ्यावरचे लांब पायांचे पक्षी तिथे बघा. आमच्या बाबांना हीच जागा सगळ्यात आवडली, भिगवणला उजनीच्या पाण्याकडे बघत बसतात तसे तासभर बसले.

दुसरा दिवस असेल आणि झाडाफुलांची आवड असेल तर टोलीडोच्या पश्चिमेला ओक ओपनिंग्ज, वाळूची जमीन, विरळ ओक, मे च्या मध्याला निळी रानटी ल्युपिनची फुलं आणि लाल डोक्याचा सुतार पक्षी. मुलांना कंटाळा आलाच तर मार्बलहेडचं १८२२ चं दीपगृह आहे.

वयस्कर माणसं, मुलं बरोबर असतील तर

गुडघे दुखत असतील तर हलकं घडीचं स्टूल न्या, पण ते वाटेच्या कडेला, वळणावर लावा. पार्किंगजवळ टॉयलेट आहेत, आत गेल्यावर नाहीत, आधी जाऊन या. आईला मान वर करायला त्रास होतो म्हणून आम्ही तिला रेलिंगला टेकवून खालची झुडपं बघायला देतो, आणि तिलाच सगळ्यात आधी पक्षी सापडतो. मुलांना यादी करायला द्या, नावं मराठीत पाडायला सांगा, आमच्या लेकीने कॉमन यलोथ्रोटला 'चोर' केलंय. बारा ते अठरा वयाच्या मुलांसाठी याच ऑब्झर्वेटरीने २००६ मध्ये ओहायो यंग बर्डर्स क्लब सुरू केला, वर्षभर कार्यक्रम असतात, ओहायोत राहत असाल तर नाव घाला.

पलीकडे कॅनडात पॉइंट पेली आहे, तिथेही मे मध्ये असाच उत्सव असतो आणि मॅगीहून उडालेले कितीतरी पक्षी तिथे उतरतात. पण आई-बाबांकडे कॅनडाचा वेगळा व्हिसा नसेल तर त्यांना तो बेत सांगूच नका, अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा तिथे चालत नाही.

परत निघायच्या दिवशी संध्याकाळी साडेआठच्या पुढे तासभर तलावाकाठी काढा. झाडीत एकदम चुळबूळ वाढते, पक्षी शेंड्यावर येऊन बसतात, परत खाली जातात, परत वर. मग अंधार पडतो आणि आवाज डोक्यावरून जायला लागतात, टिक्, त्सिप्, एकेकटे, तलावाकडे. टॉर्च लावू नका. बाबांनी कान पुढे करून ऐकलं आणि त्यांच्या वहीत दिवसाच्या यादीखाली लिहिलं, 'रात्री ९:२०, वारा दक्षिणेचा, निघाले.'